गणपतरावांचे अकरा विजय आणि दोन पराभव

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

सांगोल्याचे माजी आमदार भाई गणपतराव देशमुख यांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ चा. त्यामुळे १० ऑगस्ट २०२६ ही त्यांच्या जन्मशताब्दीची तारीख आहे. त्या निमित्ताने वृत्तपत्रांत लेख येतील, पुरवण्या निघतील आणि सभाही होतील. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले तेव्हा आणि त्यानंतरच्या प्रत्येक स्मृतिदिनाला जे छापून आले, ते या तालुक्यातला एक मतदार म्हणून मी मनापासून वाचले आहे. त्या वाचनातून मनात साचलेले एक म्हणणे आपल्यापुढे ठेवावे आणि शताब्दीच्या लेखनात त्याचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण विषयच पन्नासहून अधिक वर्षांच्या विधानसभा कारकिर्दीचा आहे.

गणपतरावांविषयीच्या लेखांत दोन गोष्टी हमखास असतात. ते एसटीने प्रवास करत, ही पहिली. एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाकडून ते अकरा वेळा निवडून आले, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींचा आम्हाला अभिमान आहे. पण या दोन गोष्टी सांगून झाल्या की लेख संपतो आणि वाचकाच्या मनात एका सज्जन, निरुपद्रवी वृद्ध गृहस्थाची प्रतिमा उरते. गणपतराव सज्जन होते, निरुपद्रवी मात्र नव्हते. ते शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) राजकारणी होते. दुष्काळ, रोजगार, शेतमालाचा भाव आणि पाण्याचे वाटप या प्रश्नांवर त्यांनी आयुष्यभर सरकारशी भांडण केले. हे भांडण वगळून त्यांच्या साधेपणाचे कौतुक करणे सर्वच पक्षांना सोयीचे आहे, कारण त्या कौतुकाने कोणालाच कसलाही जाब द्यावा लागत नाही. माझी तक्रार या सोयीबद्दल आहे.

आधी कारकिर्दीचा आराखडा सांगतो, कारण तोही अनेकदा अर्धवट छापला जातो. सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळ तालुक्यातील पेनूर हे त्यांचे जन्मगाव. कायद्याचे शिक्षण घेऊन ते सांगोल्यात आले आणि १९६२ मध्ये प्रथम विधानसभेवर गेले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची ती पहिलीच निवडणूक. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची लाट ओसरली होती आणि २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसने जिंकल्या होत्या. शेकापचे अवघे पंधरा आमदार निवडून आले, तरीही विरोधी बाकांवरचा तो सर्वांत मोठा पक्ष होता आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. पस्तीस वर्षांचे गणपतराव त्या पंधरांतले एक. १९६७ मध्ये ते पुन्हा आले. १९७२ मध्ये पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले आणि १९७८, १९८०, १९८५, १९९० या चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९९५ मध्ये ते पुन्हा पडले. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे सलग चार विजय. शेवटच्या विजयाच्या वेळी त्यांचे वय ८८ होते आणि मताधिक्य पंचवीस हजारांवर. २०१९ मध्ये ते स्वतःहून थांबले.

देशात त्यांच्याहून अधिक वेळा आमदार झालेले नेते आहेत. तमिळनाडूचे एम. करुणानिधी आणि केरळचे के. एम. मणी प्रत्येकी तेरा वेळा निवडून आले. पण करुणानिधी पाच वेळा मुख्यमंत्री होते आणि मणी अनेक वर्षे अर्थमंत्री. गणपतरावांच्या वाट्याला सत्ता आली ती दोनदाच. १९७८ ते १९८० या काळात शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात ते होते आणि १९९९ ते २००२ या काळात विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. दोन्ही मिळून चार वर्षांच्या आसपास. उरलेला सर्व काळ ते विरोधी बाकांवर किंवा सत्तेबाहेरच्या लहानशा गटात बसले. म्हणून त्यांच्या विक्रमाचा खरा प्रश्न असा आहे : हाती देण्यासारखे काही नसलेल्या, निधीच्या वाटपात कायम मागे राहणाऱ्या विरोधी आमदाराला दुष्काळी तालुक्यातली माणसे पुन्हा पुन्हा का निवडून देत राहिली? एसटीचा प्रवास हे याचे पुरेसे उत्तर नाही.

एक उत्तर नेहमी दिले जाते ते जातीचे. सांगोला तालुक्यात धनगर समाज मोठ्या संख्येने आहे, गणपतराव त्या समाजाचे होते, म्हणून ते निवडून येत, असे काही अभ्यासक म्हणतात आणि पुण्या-मुंबईचे पत्रकारही. जातीचा भाग शून्य होता असा दावा मी करणार नाही, महाराष्ट्रातल्या कोणत्याच मतदारसंघाबद्दल तसे म्हणता येणार नाही. पण १९७२ मध्ये आणि १९९५ मध्येही तालुक्यात तोच समाज होता आणि तेच गणपतराव उभे होते, तरीही ते पडले. शिवाय कोणत्याही एका समाजाच्या मतांवर या मतदारसंघात बहुमत होत नाही. जातीचे गणित मांडणाऱ्याला हे दोन पराभव समजावून सांगता येत नाहीत, आणि बहुधा म्हणूनच त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते त्यांची कारकीर्द समजून घेण्यासाठी अकरा विजयांपेक्षा या दोन पराभवांकडे आणि त्यांच्या आगेमागे काय घडले याकडे अधिक पाहिले पाहिजे.

१९७२ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या आणि शेकाप एकोणीस जागांवरून सातवर आला. त्याच वर्षी पाऊस गेला. १९७२-७३ च्या दुष्काळाविषयी आमच्या वडीलधाऱ्यांनी जे सांगितले, ते माणदेशातल्या प्रत्येक घरात सांगितले गेले आहे : खडी फोडण्याची कामे, मदतीत मिळणारी सुकडी, मिलो ही आयात केलेली ज्वारी, आणि दावणीची खिलार जनावरे मिळेल त्या भावाने विकणे. त्या दुष्काळात लाखो माणसे सरकारी कामांवर आली. ही कामे काढायला सरकारला भाग पाडण्यासाठी डाव्या आणि समाजवादी पक्षांनी राज्यभर मोर्चे काढले. आमदार नसलेले गणपतराव या काळात तालुक्याच्या राजकारणातून बाहेर गेले नाहीत, ते इथेच राहिले, आणि दोन वर्षांनी पोटनिवडणूक लागली तेव्हा सत्ताधारी पक्षाची सगळी ताकद समोर असताना मतदारांनी त्यांना परत पाठवले. पोटनिवडणूक जिंकणे सत्ताधाऱ्यांना सोपे असते, हे सांगण्याची गरज नाही. सांगोल्याने १९७४ मध्ये उलटा निकाल दिला तो दुष्काळाच्या अनुभवातून दिला.

याच दुष्काळातून रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली. तिची मूळ कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची आणि तिचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये त्यांच्याच विसापूर गावी, तासगाव तालुक्यात झाला. पण योजना आणि कायदा यांत अंतर आहे. योजना सरकार देते आणि काढूनही घेते, कायदा झाला की मागणाऱ्याला हक्क मिळतो. १९७७ मध्ये राज्याच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचे विधेयक मंजूर केले आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, ही तरतूद त्यात होती. केंद्राला असा कायदा करायला २००५ उजाडले. आता तारखा जुळवून पाहा. १९७७ च्या जुलैपासून गणपतराव विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. कायदा अमलात आला तेव्हा ते मंत्रिमंडळात होते. आणि १९९९ मध्ये दुसऱ्यांदा मंत्री झाले तेव्हा त्यांच्याकडे पणनासोबत रोजगार हमी हेच खाते होते. दुष्काळी तालुक्याचा आमदार, विरोधी पक्षनेता आणि खात्याचा मंत्री अशा तिन्ही नात्यांनी या कायद्याशी संबंध आलेला असा दुसरा माणूस राज्यात सापडणे कठीण आहे. त्यांच्यावरील लेखांत मात्र रोजगार हमीला एका वाक्याहून अधिक जागा मिळत नाही आणि एसटीच्या आसनाला दोन परिच्छेद मिळतात. मला याचे वाईट वाटते.

सभागृहातल्या कामाबद्दलही असेच होते. 'अभ्यासू आमदार' हे विशेषण त्यांना सर्रास लावले जाते, पण अभ्यास कशाचा आणि तो कुठे दिसला, हे कोणी लिहीत नाही. त्यांच्या पक्षाचे संख्याबळ बघा. १९७८ मध्ये तेरा, १९८० मध्ये नऊ, १९९५ मध्ये सहा, १९९९ मध्ये पाच, २००४ मध्ये दोन, २००९ मध्ये चार, २०१४ मध्ये तीन. २८८ जणांच्या सभागृहात चर्चेचा वेळ पक्षाच्या संख्येप्रमाणे वाटला जातो, त्यामुळे दोन किंवा तीन आमदारांच्या पक्षाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. अशा आमदाराला गोंधळ घालून काही मिळत नाही, कारण गोंधळालाही संख्या लागते. त्याच्या हाती नियमांचे पुस्तक तेवढे असते : तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा. अर्थसंकल्पातल्या मागणीवर कपात सूचना द्यायची तर ती मागणी वाचावी लागते, मागच्या वर्षीचा खर्च माहीत असावा लागतो आणि मंत्र्याने उत्तर टाळले तर कुठे टाळले हे उभ्या जागी ओळखावे लागते. गणपतरावांनी हे काम यशवंतराव चव्हाणांपासून देवेंद्र फडणवीसांपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुख्यमंत्र्यापुढे केले. नागपूरच्या आणि मुंबईच्या अधिवेशनांत ते पूर्ण वेळ बसत, हे सर्व पक्षांच्या आमदारांनी त्यांच्या हयातीत जाहीरपणे सांगितलेले आहे. सभागृह अर्धे रिकामे असताना चर्चा उरकण्याची जी रीत आता पडली आहे, ती पाहता नुसत्या बसण्याचीही नोंद व्हायला हवी.

आता दुसऱ्या पराभवाकडे येतो. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी गणपतरावांना १९२ मतांनी हरवले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तोवरच्या सात विजयांनंतर आलेला तो पराभव. त्या वयात अनेक जण निवृत्त होतात किंवा विधान परिषदेची वाट पाहतात. गणपतरावांनी पुढची चार वर्षे ज्या कामाला दिली, ते माझ्या मते त्यांच्या सबंध कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे काम आहे आणि त्याच कामावर सर्वांत कमी लिहिले गेले आहे. ते काम पाण्याच्या चळवळीचे.

त्याची पार्श्वभूमी अशी. कृष्णा पाणीवाटप लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले होते आणि ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता. तोवर आपल्या वाट्याचे पाणी अडवून वापरात आणले नाही तर त्यावरचा दावा कमकुवत होईल, ही भीती खरी होती. दुसरीकडे त्याच कृष्णा खोऱ्यात सांगली, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतले आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर, माण, खटाव, सांगोला, मंगळवेढा यांसारखे तेरा दुष्काळी तालुके कोरडे पडलेले होते. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर यांनी या तेरा तालुक्यांची माणसे एकत्र आणली. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. हजारो शेतकरी, शेतमजूर आणि मोठ्या संख्येने स्त्रिया या परिषदांना येत.

परिषदेने दोन मागण्या मांडल्या. पहिली, कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या. दुसरी मागणी पहिलीपेक्षा अवघड होती : हे पाणी समन्यायी पद्धतीने वाटा. पाणी जमिनीच्या मालकीप्रमाणे न देता कुटुंबाप्रमाणे द्यावे, भूमिहीनालाही त्याचा वाटा असावा, आणि कालव्याच्या तोंडाशी ऊस व टोकाला टँकर ही स्थिती नव्या योजनांत पुन्हा येऊ नये, असा तिचा अर्थ. सत्तेतल्या कोणत्याही पक्षाला ही मागणी मनापासून आवडणारी नव्हती, कारण पश्चिम महाराष्ट्राचे सारे राजकारण उसावर आणि कारखान्यांवर उभे होते. सोलापूर जिल्ह्यात राहून ही मागणी करणे म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे. १९९६ मध्ये युती सरकारने महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले, कर्जरोख्यांतून पैसा उभा केला आणि टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनांच्या कामाला सुरुवात झाली. महामंडळ सरकारने काढले, त्याचे श्रेय सरकारला द्यावेच लागेल. पण दुष्काळी तालुके त्या नकाशात आले आणि राहिले, यामागे पाणी परिषदेचा रेटा होता. ज्या वर्षांत हा रेटा सर्वाधिक होता, त्या वर्षांत गणपतराव आमदार नव्हते.

या पाण्याबद्दल त्यांच्यावर जो आक्षेप घेतला जातो, तोही इथेच मांडतो, कारण तो टाळून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पन्नास वर्षे आमदार राहूनही सांगोल्याला पाणी का आले नाही, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत विरोधकांनी विचारला आणि तरुण मतदारांनाही तो पटत गेला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र भूगोलात आणि सत्तेच्या वाटणीत आहे. नीरा उजवा कालवा माळशिरस, पंढरपूर करत सांगोल्यात येतो तेव्हा तो त्याच्या शेपटाकडचा भाग असतो. टेंभूचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलले जाते आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी ओलांडून आमच्यापर्यंत येते. म्हैसाळचे पाणी मिरज, कवठेमहांकाळ, जत यांच्यानंतर. तिन्ही योजनांचे टोक एकाच तालुक्यात असावे, हे सांगोल्याचे दुर्दैव. योजनेला निधी कमी पडला की आधी टोकाचे काम थांबते, वीजबिल थकले की आधी टोकाचे आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, रद्द होते. वरच्या भागातल्या अनेक तालुक्यांना मंत्री मिळाले आणि टोकाच्या तालुक्याला तीन-चार जणांच्या पक्षाचा आमदार होता. अशा आमदाराने समन्यायी वाटपाचा आग्रह धरला, कारण टोकाच्या गावाला दुसरा आधारच नाही. आज टेंभूचे पाणी माण नदीच्या बंधाऱ्यांत आणि बुद्धेहाळच्या तलावात येते. ते यायला फार उशीर झाला आणि अजूनही अनेक गावे बाकी आहेत. सत्तेत राहिले असते तर पाणी लवकर आणता आले असते काय, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीला विचारायला हवा. माझ्या मते थोडे लवकर आले असते, पण ते कोणाच्या शेतात गेले असते, याची मला खात्री नाही.

पाण्याची वाट पाहत असताना तालुका बसून राहिला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आली. तिच्यातून खड्डे, रोपे आणि मजुरी यांसाठी अनुदान मिळू लागले आणि सांगोल्याच्या माळरानावर बोर व डाळिंब उभे राहिले. हलकी, मुरमाड जमीन आणि कोरडी हवा डाळिंबाला मानवली. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली, ती याच फळामुळे. अलीकडे तेल्या रोगाने आणि खोडकिडीने बागांचे अतोनात नुकसान केले आहे, तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूत गिरणी ही गणपतरावांनी उभी केलेली संस्था. या तालुक्यात कापूस पिकत नाही, तरीही गिरणी चालली आणि राज्यातल्या अनेक सहकारी सूत गिरण्या बंद पडत असताना ती टिकली, कारण तिच्यात नातेवाइकांची भरती आणि निवडणुकीचा खर्च या दोन्ही गोष्टी शिरू दिल्या गेल्या नाहीत. त्यांच्या साधेपणाचा खरा उपयोग इथे दिसतो. ज्याच्या निवडणुकीला मोठा पैसा लागत नाही, त्याला संस्थेतून पैसा काढावा लागत नाही. प्रचाराचा खर्च लोकवर्गणीतून, कार्यकर्ते घरची भाकरी बांधून आलेले, आणि आमदार एसटीने फिरणारा, ही सगळी एकाच व्यवस्थेची अंगे होती. त्यातले एसटीचे तेवढे चित्र वेगळे काढून भिंतीवर लावले की ती व्यवस्था दिसेनाशी होते.

त्यांच्या राजकारणातल्या उणिवांविषयीही शताब्दीत मोकळेपणाने लिहिले जावे. सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याबाहेर शेकाप वाढला नाही. तालुक्यात दुसऱ्या फळीचे कार्यकर्ते भरपूर होते, पण गणपतरावांनंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हयातीत पक्षाने वेळेवर शोधले नाही. २०१९ मध्ये ते थांबले तेव्हा उमेदवारी त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांच्याकडे गेली आणि अवघ्या ७६८ मतांनी जागा गेली. तेव्हा जिंकलेले शहाजीबापू पाटील २०२२ च्या जूनमध्ये गुवाहाटीतल्या एका संभाषणामुळे राज्यभर माहीत झाले आणि सांगोल्याचे नाव नव्या पिढीने बहुधा तेव्हाच प्रथम ऐकले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी सुमारे पंचवीस हजारांच्या मताधिक्याने ती जागा परत मिळवली, आणि आज विधानसभेत शेकापचे ते एकटेच आमदार आहेत. मी या निकालाने समाधानी आहे. तरीही शेतकरी-कामगारांच्या नावाने १९४७ मध्ये स्थापन झालेल्या, घराणेशाहीला विरोध करणाऱ्या पक्षाची शेवटची जागा एकाच घरात राहावी, याची खंत गणपतरावांना मानणाऱ्या अनेक जुन्या कार्यकर्त्यांना वाटते आणि ती मलाही वाटते. ही टीका डॉ. बाबासाहेबांवर नाही, त्यांना काम करून दाखवण्यास वेळ मिळाला पाहिजे. टीका पक्षावर आहे, आणि पक्षाचे ज्येष्ठ नेते म्हणून गणपतरावांवरही काही प्रमाणात ती जाते.

पक्षनिष्ठेविषयी एक गोष्ट राहिली. १९९९ मध्ये शेकापने काँग्रेस आघाडीला पाठिंबा दिला आणि गणपतराव मंत्री झाले. २००२ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या वादावरून पक्षाने पाठिंबा काढला. तो वाद सांगोल्याचा नव्हता, तिथल्या भांडणाशी सोलापूरच्या मंत्र्याचा थेट संबंधही नव्हता. पक्षाचा निर्णय झाला आणि गणपतरावांनी मंत्रिपद सोडले. पणन आणि रोजगार हमी ही दोन्ही खाती त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची होती आणि वय पंचाहत्तर झाले होते, पुन्हा मंत्रिपद मिळण्याची शक्यता जवळपास नव्हती. पक्ष सोडून किंवा फोडून मंत्रिपद राखण्याची उदाहरणे तेव्हाही होती आणि २०२२ व २०२३ नंतर तर त्यांची मोजदाद कठीण झाली आहे. त्यांच्या अकरा विजयांइतकेच या एका राजीनाम्यावर लिहिले जावे, असे मला वाटते.

संपादक महोदय, म्हणून माझी विनंती अशी. शताब्दीच्या निमित्ताने आपल्या दैनिकाने आठवणींचे लेख जरूर छापावेत, पण त्यांच्या जोडीला विधिमंडळाच्या कार्यवृत्तांतातून गणपतरावांची भाषणे काढून त्यांतले उतारे तारखांसह द्यावेत. १९७७ मध्ये रोजगार हमी विधेयकाच्या वेळी, पुलोद मंत्रिमंडळात असताना, कृष्णा खोऱ्याच्या निधीवर, २००३ आणि २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्यांवर ते सभागृहात काय बोलले आणि मंत्र्यांनी त्यांना काय उत्तर दिले, हे वाचकांसमोर यावे. आटपाडीच्या पाणी परिषदांचे ठराव छापावेत आणि टेंभू व म्हैसाळ योजनांतून सांगोल्याच्या कोणत्या गावाला आज प्रत्यक्षात किती आवर्तने मिळतात, ते त्यांच्या शेजारी छापावे. उपसा योजनांच्या वीजबिलापैकी ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचे, हे ठरलेले आहे. टोकाच्या गावांकडून ही १९ टक्के रक्कम पूर्ण आवर्तन मिळाल्यावर घेतली जाते की आधी, याचीही चौकशी आपल्या प्रतिनिधीने करावी. समन्यायी वाटपाची मागणी अजून कोणत्याच सरकारने पूर्ण केलेली नाही. शताब्दीच्या सभांना सर्व पक्षांचे नेते येतील, तेव्हा त्यांच्यापैकी प्रत्येकाला या मागणीविषयी आपण एक प्रश्न विचारलात आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे छापलेत, तर सांगोला तालुक्यातले आम्ही मतदार आपले आभारी राहू.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
तालुका सांगोला, जिल्हा सोलापूर